दुःखाच्या दिवसांतला विश्वास

ख्रिस्ती घरात मयत झाली की पहिल्या तासाभरातच कोणीतरी ‘प्रभूची इच्छा’ असे म्हणून जाते. म्हणणाऱ्याच्या मनात कळवळा असतो, त्याबद्दल शंका नाही. पण जिचा नवरा समोर आडवा पडला आहे, तिच्या कानांवर ते शब्द कसे पडत असतील याचा विचार आपण क्वचितच करतो. तिने आता रडू नये, काही विचारू नये, देवावर रागावू तर मुळीच नये, असाच निरोप त्यातून तिच्यापर्यंत पोहोचतो. पुढच्या रविवारी ती उपासनेला आली आणि गीत म्हणताना तिचा आवाज कापला नाही, की बाहेर पडताना आपण एकमेकांना म्हणतो, ‘विश्वासात किती स्थिर आहे बघा.’ आणि जी त्या रविवारी येऊच शकली नाही, जिला महिनोन्‌महिने प्रार्थनेसाठी तोंड उघडवले नाही, तिच्याबद्दल काळजीच्या सुरात कुजबुज सुरू होते.

या पुस्तकातले पाठ त्या दुसऱ्या बाईसाठी आहेत. आजारपण, मृत्यू, बदनामी, उपासमार, एकटेपणा अशा दिवसांत ख्रिस्तावरचा विश्वास टिकतो म्हणजे नेमके काय होते, हे पवित्र शास्त्रातल्या काही भागांच्या आधाराने समजून घ्यावे एवढाच त्यांचा हेतू. घरोघरच्या प्रार्थनासभांत एकेक पाठ वाचता यावा अशी त्यांची रचना आहे. वचनांचा अर्थ त्या त्या पाठात सविस्तर येणारच आहे. म्हणून प्रस्तावनेत मी एका आयुष्याकडे वाचकांचे लक्ष वेधतो. ते आयुष्य आपल्या मातीतले आहे, त्याची साक्ष त्या व्यक्तीने स्वतः लिहून ठेवली आहे, आणि विश्वास मोडतो कसा हेही तिने कोवळ्या वयात पाहिले होते. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे आईनेच रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी हिंडे, पुराणे सांगे आणि मिळेल त्यावर गुजराण करी. 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले, तेव्हा साठवलेला पैसा, दागिने, तांब्या-पितळेची भांडी एकेक करून गेली. व्रते झाली, उपवास झाले, दानधर्म झाला. मजुरी करणे त्यांच्या कुळात कोणाला माहीत नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटे. दिवसचे दिवस पाणी, झाडपाला आणि रानातली फळे यांवर निघाले. 1874मध्ये वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई, पुढे थोरली बहीण.

आईच्या शेवटच्या आजारपणातली एक गोष्ट रमाबाईंनी सांगितली आहे. आईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. घरात काहीच नव्हते. सोळा वर्षांची रमा शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. हजारो श्लोक ज्या जिभेवर होते, तिला एक तुकडा मागता येईना. डोळ्यांतून पाणी वाहू लागले तेव्हा त्या घरच्या बाईनेच ओळखून भाकरी दिली. ती घेऊन आली, तर आईला घास गिळण्याचे त्राण उरले नव्हते. आई गेल्यावर तिरडी उचलायला माणसे मिळेनात. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, भाऊ श्रीनिवास आणि रमा असे चौघे निघाले. रमाची उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

त्या कुटुंबाची भक्ती मनापासूनची होती. तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही, ख्रिस्ती माणसाला तर मुळीच नाही. पण एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. दुःखाने श्रद्धा पक्की होते, असे आपण उपदेशपीठावरून फार सहजपणे सांगतो. रमाबाईंची बालपणीची श्रद्धा दुःखाने पक्की झाली नाही, मोडली. त्यांच्यासारखी कितीतरी माणसे आजही आपल्या मंडळ्यांत मागच्या बाकावर बसलेली असतात. दुःखात अशी काही जादू नसते. ते काहींना देवाजवळ आणते आणि काहींना दूर लोटते. कोण कुठे जाईल हे बऱ्याचदा त्या माणसाच्या मनाच्या बळावर ठरत नाही. आपण देवाकडून काय मिळण्याची हमी धरून बसलो होतो, आणि त्या काळात आपल्याजवळ कोण उभे होते, यांवर ते पुष्कळसे अवलंबून असते.

1878मध्ये बहीणभाऊ पायी फिरत कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ठरवले. दोनच वर्षांनी भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जात ओलांडून नोंदणी विवाह केला. तो संसार दोन वर्षेही टिकला नाही. 1882च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने मेधावी गेले. मुलगी मनोरमा तेव्हा दहा महिन्यांची होती आणि रमाबाईंनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. पुढच्या वर्षी वैद्यकी शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या. कानांना कमी ऐकू येऊ लागल्याने तो दरवाजाही बंद झाला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. ज्या वर्षी हे सगळे घडले त्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

साक्षीच्या पुस्तकांत बाप्तिस्म्याशी गोष्ट संपते. रमाबाईंची तिथे संपत नाही, आणि मला त्यांचे वेगळेपण तिथेच दिसते. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, त्यांतल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या आईच्या जागी मानत. तरीही शिकवणुकीतली जी गोष्ट पटली नाही ती त्यांनी पटली म्हणून म्हटले नाही. त्यांच्या पत्रांतून हा वाद स्पष्ट दिसतो. मांसाहार त्यांनी आयुष्यात कधी केला नाही. धर्म बदलला म्हणून ताट बदललेच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे त्यांनी लिहिले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता खरा, पण ख्रिस्त आपल्याला सापडला तो त्यानंतर आठ वर्षांनी, 1891च्या सुमारास. बाप्तिस्मा झालेल्या, नावारूपाला आलेल्या, परदेशात व्याख्याने देऊन आलेल्या बाईने हे जाहीरपणे लिहावे याला धैर्य लागते. आपल्याकडे ‘मी आठ वर्षे चाचपडत होते’ असे म्हणणाऱ्याला साक्षीसाठी पुढे बोलावतात का? माझ्या पाहण्यात तरी फारसे नाही.

1889मध्ये मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आले. 1893मध्ये वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती करण्यात येते असा आरोप झाला, ‘केसरी’ने लेखावर लेख लिहिले, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती बरोबर याची चर्चा आजही होते, आणि ती इतिहासाच्या अभ्यासकांनी अवश्य करावी. मला दिसते ते एवढेच, की रमाबाईंनी दाराला कडी लावली नाही. खोलीत एकटीने प्रार्थना करताना दार उघडे ठेवायचे त्या थांबल्या नाहीत, आणि ज्या मुली राहिल्या त्यांचे शिक्षणही थांबले नाही.

मग 1896-97चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून उपाशी मुलींच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे की त्या बातम्यांनी आपल्या घरच्या दुष्काळाची आठवण जागी झाली आणि स्वस्थ बसवेना. हातात पैसे नव्हते. त्या गेल्या, आणि शेकडो मुली घेऊन परत आल्या. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर चिंध्या, कितीतरी जणी वाटेत माणसांच्या वासनेला बळी पडलेल्या. पुण्यात प्लेग होता, नव्या मुली शहरात ठेवायला सरकारची मनाई झाली. म्हणून दौंडजवळ केडगावला घेतलेल्या शेतावर आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. ‘मुक्ती’ नावाची संस्था ती हीच. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दीड हजारांच्या वर गेली. विहिरी खणल्या, भाजी पिकवली, माग घातले, तेलघाणा, छापखाना उभारला. ज्यांना समाजाने ‘पतित’ म्हटले त्यांच्यासाठी कृपा सदन निघाले. आंधळ्या बायकांना मनोरमेने ब्रेल शिकवली.

ज्या बाजरीच्या भाकरीला उशीर झाला होता, ती बावीस-तेवीस वर्षांनी केडगावच्या पंगतींत वाढली गेली, असे मला ही हकीकत वाचताना नेहमी वाटते. रमाबाईंनी आपल्या दुःखाचा अर्थ लावत बसण्यात आयुष्य घालवले नाही. आई अशी का मेली याचे उत्तर त्यांना कधी मिळाले असेल असे वाटत नाही. निदान त्यांच्या लिखाणात ते सापडत नाही. पण जी उपासमार त्यांना ओळखीची होती, ती दुसऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसताच त्यांचे पाय तिकडे वळले. विश्वास टिकला तो याच वाटेवर, रोजच्या कामात आणि रोजच्या प्रार्थनेत.

सोसणे म्हणजे गप्प बसणे, हाही समज इथे टिकत नाही. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीची आबाळ झाली, तेव्हा रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सरकारी बंदोबस्तावर टीका केली. राज्य इंग्रजांचे, राज्यकर्त्यांचा धर्म आणि त्यांचा धर्म एक, देणग्या परदेशातून येणाऱ्या. तरीही त्या बोलल्या. त्यासाठी गव्हर्नरचा रोषही पत्करला.

त्यांच्या अखेरच्या वर्षांकडे पाहिले की मन दडपते. मनोरमा आईच्या पाठोपाठ मुक्तीचे काम सांभाळणार असे सगळे धरून चालले होते. गुलबर्ग्याला तिने मुलींची शाळा काढली होती. 24 जुलै 1921 रोजी ती चाळिशीतच गेली. रमाबाईंच्या मागे कुटुंबातले आता कोणीच उरले नाही: आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी एकुलती लेक. त्या वेळी त्यांचे एक काम अपुरे होते. ग्रामीण बाईला वाचून कळेल असे मराठी पवित्र शास्त्र, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून एकटीने भाषांतरित केलेले. त्यासाठी त्यांनी उतारवयात त्या भाषा शिकल्या, आणि खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्याच बायका तयार केल्या. मुलीला मूठमाती दिल्यानंतरही त्या मुद्रिते तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924मध्ये छापून निघाला. दुष्काळातल्या पोरी, ज्यांना एके काळी स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, त्यांच्या हातांनी तो जुळवला गेला.

अशा सोसण्यात रमाबाई एकट्या नव्हत्या. बाबा पदमनजींनी 1854मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर तुटले, ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी ती सगळी तगमग लिहिली आहे. नारायण वामन टिळक 1895मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षे दूर राहिल्या, आणि त्या काळातली त्यांची घालमेल ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणाही मराठी माणसाला परकी नाही. टिळकांच्या विश्वासाची किंमत आधी लक्ष्मीबाईंनी मोजली, हे आपण विसरतो. पुढे त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला आणि 1919मध्ये टिळक गेल्यावर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. सोसण्याची गोष्ट सांगताना घरातल्या त्या दुसऱ्या माणसाची गोष्टही सांगायला हवी.

आता पाठांविषयी थोडेसे. पहिले पाठ ईयोबावर आहेत. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढे त्यांचे बरोबर होते. बोलायला लागले आणि सगळे बिघडले: तुझ्याकडून काहीतरी पाप घडले असणार, पश्चात्ताप कर, सगळे ठीक होईल. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी ते योग्य बोलले नाहीत, ईयोब बोलला. ज्याने देवाला कोर्टात खेचण्याची भाषा केली, आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, तो योग्य बोलला! पवित्र शास्त्रातली ही ओळ सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येक पाळकाने आणि मंडळीच्या वडिलाने मनात पक्की करून ठेवावी अशी आहे.

स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास विलापाची आहेत. आपल्या उपासनांतून ती किती वेळा म्हटली जातात? अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तर शेवटही अंधारात होतो, त्यात आशेचा शब्दही येत नाही. तरी ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी ते वगळले नाही. विलापगीतात आशेच्या ओळी आहेत, त्या आपल्या भेटकार्डांवर छापल्या जातात. पण त्या पाच गीतांपैकी तिसऱ्याच्या मध्यावर येतात, आणि पुढे पुन्हा उद्ध्वस्त यरुशलेम, उपाशी लेकरे. पाचवे गीत तर देवाला प्रश्न विचारूनच थांबते. आशा आली म्हणून रडे लगेच थांबत नाही, हे त्या पुस्तकाची रचनाच सांगते. या भागावरचा पाठ सर्वांत सावकाश वाचावा असे मी सुचवेन.

पेत्राचे पहिले पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया अशा आजच्या तुर्कस्तानातल्या प्रांतांत विखुरलेल्या लहान मंडळ्यांना लिहिलेले आहे. तिथे प्रत्येकाच्या दारात सिंह उभे नव्हते. शेजाऱ्यांची निंदा, जुन्या सोबत्यांचे टोमणे, मालकाचा मार, संशय, अशा रोजच्या जाचाबद्दल ते पत्र बोलते, म्हणून ते आपल्याला फार जवळचे वाटते. विश्वासामुळे नातेवाइकांनी लग्नकार्याला बोलावणे बंद केलेली माणसे आपल्यात आहेत. पेत्र त्यांना सूड घेऊ नका म्हणतो, एकमेकांना घरी घ्या, जेवू घाला म्हणतो, आणि वडिलांना बजावतो की कळपावर सत्ता गाजवू नका.

दोन शिकवणींबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्या आज जोरात आहेत. पहिली अशी की विश्वास पुरेसा असेल तर आजार बरा होतोच, कर्ज फिटतेच. मग ज्याचा कॅन्सर बरा झाला नाही त्याच्या माथी आजारासोबत अविश्वासाचाही दोष बसतो. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो गेला नाही. गेथशेमाने बागेत प्रभूनेही प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. पौलाचा आणि प्रभूचा विश्वास कमी पडला असे म्हणायची कोणाची छाती आहे? औषधे बंद करून केवळ प्रार्थनेवर राहा, असे सांगणारे तर माणसाच्या जिवाशी खेळतात.

दुसरी शिकवण घरात मार खाणाऱ्या बाईला दिली जाते: हा तुझा वधस्तंभ आहे, सोस. ख्रिस्ताने वधस्तंभ स्वतःहून उचलला. या बाईवर तो दुसऱ्याने लादला आहे. तिला त्याच घरात परत पाठवणारे पाळक आणि वडील ख्रिस्ताचे नाव घेऊन मारणाऱ्याची बाजू घेतात. रमाबाईंनी आधार नसलेल्या बायकांसाठी घर बांधले. सोसण्याचे पाठ वाचताना त्या घराची आठवण ठेवावी, आणि हे पाठ कोणाला गप्प बसवण्यासाठी कधीही वापरू नयेत.

वाचनाबद्दल एक विनंती. तुमच्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर हे पुस्तक आज मिटून ठेवा, ते थांबेल. तुमच्या शेजारच्या घरात झाला असेल, तर ते सोबत नेऊ नका. जेवणाचा डबा न्या, लहान मुलांना चार दिवस आपल्याकडे ठेवा, दवाखान्याची बिले आणि मृत्यूचा दाखला यांची धावपळ अंगावर घ्या, आणि विचारल्याशिवाय काही समजावू नका. दोन-तीन महिन्यांनी, येणीजाणी थांबल्यावर, त्या घरी पुन्हा जा. वाचायची इच्छा त्यांनी दाखवली, तर स्तोत्रांच्या पाठापासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी एकच पाठ वाचा.